फियाटची उजवी लाल काच

मी एक जुनी लाल काच आहे. मोटारीच्या मागच्या दिव्यावर बसवतात ना, ती. काच म्हणायची पद्धत आहे म्हणून म्हणते, नाहीतर मी आहे प्लॅस्टिकची. उद्या तुम्हाला दुसरं कुणीतरी सांगणारच, त्यापेक्षा आपणच सांगितलेलं बरं.

सध्या माझा मुक्काम इंदापूरला, स्टँडजवळच्या नागेशच्या दुकानात आहे. नागेश गाड्यांच्या वायरिंगची कामं करतो. त्याच्या फळीवर जुने हॉर्न, वायरींची भेंडोळी आणि मी, अशी आमची बिऱ्हाडं शेजारी शेजारी आहेत. माझ्या अंगावर वरपासून खालपर्यंत एक तडा आहे. तो डिंकानं भरलेला आहे आणि डिंक आता पिवळा पडलाय. एखादं गिऱ्हाईक विचारतं, "ही फुटकी काच कशाला ठेवली?" नागेश म्हणतो, "आसू द्या. जुनी वळख हाय." यापुढं तो काही सांगत नाही. पण मित्रांनो, मी सांगणार आहे, कारण तडा माझ्या अंगावर पडलाय, त्याच्या नाही.

माझा जन्म मुंबईकडच्या एका कारखान्यात झाला. लाल दाणे वितळवले, साच्यात दाबले, साचा उघडला, की मी बाहेर. मिनिटभराचं काम. माझ्याच जोडीला एक बहीण जन्मली. मी उजवी, ती डावी. एका फियाट गाडीच्या पाठीवर आम्हा दोघींना बसवलं. जन्मभर एका गाडीवर राहिलो, पण मध्ये डिकी असल्यामुळं आम्ही एकमेकींचं तोंड कधी पाहिलं नाही.

काम तसं सोपं. माझ्या मागं होल्डरमध्ये एक बल्ब असतो. त्या बल्बात दोन बारीक तारा असतात. दिवे लावले की एक तार मंद पेटते, आणि ब्रेक दाबला की दुसरी झगझगून पेटते. मग मी लाल होते आणि मागून येणाऱ्याला कळतं की पुढं गाडी आहे, दमानं घ्या. बल्ब काही जन्माचे सोबती नसतात. खड्डे जास्त असले की त्यांच्या तारा तुटतात. आमच्याकडच्या रस्त्यांबद्दल मी तोंड उघडत नाही. एवढंच सांगते, की माझ्यामागं किती बल्ब आले नि गेले याचा हिशेब मी कधीच सोडून दिला.

अडचण एकच आणि ती फार मोठी. गाडी चालवणाऱ्याला मी दिसत नाही. बल्ब गेला तरी त्याला पत्ता नसतो. तो आपला पुढं बघून गाणी म्हणत चाललेला असतो. म्हणून मागं कुणीतरी उभं राहून सांगावं लागतं, दिवा लागला की नाही लागला.

चौऱ्याण्णव साली आमची फियाट बारामतीच्या एका डॉक्टरांकडून सांगवीच्या सिद्धूकडं आली. सिद्धू तेव्हा तिशीतला होता. सकाळी रानातलं काम बघायचा आणि दुपारनंतर गाडी भाड्यानं फिरवायचा. कुणाला बारामतीच्या दवाखान्यात न्यायचं, कुणाला इंदापूरला तहसील कचेरीत, तर कुणाला माळेगावला कारखान्यावर. घरात त्याची आई आक्काबाई, बायको रोहिणी आणि लहानगी सुकन्या. गाडी घरी आली त्या दिवशी आक्काबाईनं नारळ फोडला, आम्हा दोघी बहिणींना हळदीकुंकू लावलं आणि विचारलं, "ह्ये मागं कशाला रं दिवं?"

"मागनं येणाऱ्याला आपुन दिसावं म्हनून."

"मंग ह्ये दिवं मी बघत जाईन," आक्काबाई म्हणाली. त्या घरात ती गोष्ट तिथंच ठरली.

ती असं का म्हणाली, ते समजायला थोडं मागं जावं लागेल. पूर्वी या घराची मेंढरं होती. दिवाळी झाली की कळप घेऊन बाहेर पडायचं आणि पावसाळ्याच्या तोंडाला परत यायचं. रस्ता ओलांडताना सिद्धूचे वडील कळपाच्या पुढं असायचे आणि आक्काबाई सगळ्यांच्या मागं. पुढच्यानं वळून बघायचं नाही, असा नियम होता. पुढचा वळला की मेंढरं बुजतात आणि भर रस्त्यात थबकतात. त्यानं नुसतं मागच्या हाकेवर चालायचं. शेवटचं मेंढरू पलीकडं गेलं की आक्काबाई "आलीऽऽ" म्हणून हाक द्यायची आणि मग कळप पुढं निघायचा. वीस वर्षं तिनं ती हाक दिली आणि एकदाही ती हाक चुकली नाही. सिद्धू लहानपणापासून वडिलांच्या बाजूनं, मान न वळवता, त्या हाकेवरच चालत आला होता.

मेंढरं गेली, रानाला पाणी आलं, ऊस आला, गाडी आली. पण रीत तीच राहिली. सिद्धू गाडीत बसून दिवे लावायचा आणि ब्रेक दाबायचा. आक्काबाई माझ्यासमोर उभी राहून मला पदरानं पुसायची आणि बघायची. मग डाव्या बहिणीकडं जायची. "लागला!" अशी हाक आली की सिद्धू गिअर टाकायचा. एखाद्या दिवशी "न्हाय लागला" असं आलं, तर मुकाट्यानं उतरून बल्ब बदलायचा. डॅशबोर्डच्या खणात कापसात गुंडाळलेले दोन बल्ब कायम असत. गिऱ्हाईक कितीही घाईचं असो, आक्काबाईची हाक आल्याशिवाय गाडी हलत नसे. आख्ख्या सांगवीत लोक याची चेष्टा करायचे. सिद्धूनं ती कधी मनावर घेतली नाही.

खरं सांगते, ते माझे सुखाचे दिवस होते. गाडीत बसणाऱ्या सगळ्यांची नजर पुढच्या काचेकडं. हॉर्न, आरसे, पुढचे दिवे, सगळे भाव खायचे. मागच्या दिव्याकडं रोज निरखून बघणारी माणसं किती असतील? मला एक मिळाली होती.

दोनेक वर्षांनी मला काहीतरी वेगळं जाणवू लागलं. आक्काबाई पूर्वी चार पावलांवरून बघायची. आता ती अगदी जवळ यायची, इतकी की तिच्या श्वासाची वाफ माझ्यावर धरायची. मग पुसायला तिला जास्त वेळ लागू लागला. आणि एक दिवस तिनं मला पुसून झाल्यावर आपला तळहात माझ्यावर ठेवला आणि थोडा वेळ तसाच ठेवून मग "लागला" म्हणाली.

मला आधी वाटलं, माया करतेय. मेंढराच्या पाठीवर हात ठेवतात तशी. रोहिणीलाही तसंच वाटलं असावं, कारण ती हसली. पण पंधरा दिवस हेच चाललं तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू वाढला होता. तिला मी दिसतच नव्हते. बल्ब जळत असला की मिनिटभरात मी कोमट होते, आणि ती तेवढ्या उबेवरून दिवा ओळखत होती.

हुशारी म्हणायची तर होतीच. मीसुद्धा मनात म्हटलं, चाललंय ते ठीक आहे, चुकत तर नाही. मित्रांनो, आता त्याचं मला वाईट वाटतं, पण वाटून करणार काय? मला बोलता कुठं येत होतं!

सत्त्याण्णवचा डिसेंबर होता. ऊसतोडीचा हंगाम जोरात होता. रस्त्यावर ट्रॅक्टर आणि बैलगाड्यांची रांग तुटत नव्हती. एका रात्री माळेगावहून परत येताना गाडी एका खड्ड्यात अशी आदळली, की माझ्या बल्बाच्या दोन्ही तारा गेल्या. मी अंधारी झाले. मला त्याची काळजी वाटली नाही. उद्या आक्काबाई हात लावेल, गार लागेन, बल्ब बदलला जाईल, असं मी धरून चालले होते.

दुसऱ्या दिवशी सगळे इंदापूरला निघणार होते, कारण त्याच्या पुढच्या दिवशी तिथं रोहिणीच्या भावाचा साखरपुडा होता. गाडी दुपारभर अंगणात उभी होती, पाठ मावळतीकडं करून. चार तास ऊन माझ्यावर होतं. मी चांगली तापले होते.

साडेचारला सिद्धू गाडीत बसला. दिवे लावले, ब्रेक दाबला. आक्काबाई नवं लुगडं नेसून मागं आली. तिनं मला पुसलं आणि तळहात ठेवला. मी गरम होते. पण मित्रांनो, ती ऊब बल्बाची नव्हती, उन्हाची होती. मला ओरडावंसं वाटलं, आक्का, हात काढ, फसतेयस! तिनं हात तसाच थोडा वेळ ठेवला आणि जोरात म्हणाली, "लागला!"

सिद्धूनं गिअर टाकला.

बारामती मागं पडली, भवानीनगर गेलं. लासुर्णे जवळ आलं तेव्हा दिवस मावळला होता आणि नीट दिसतही नव्हतं, नीट अंधारही नव्हता. सुकन्या मागच्या सीटवर गुडघे टेकून, मागच्या काचेतून माझ्याच दिशेनं बघत वेडीवाकडी तोंडं करत होती. तिच्याशेजारी आक्काबाई. पुढं सिद्धू आणि रोहिणी. एका चारीच्या, म्हणजे छोट्या कालव्याच्या, पुलाजवळ उसाच्या तीन बैलगाड्या आडव्या आल्या, म्हणून सिद्धूनं ब्रेक दाबला. माझी डावी बहीण लख्ख पेटली. मी काळीठिक्कर.

मागून दुधाचा टेम्पो येत होता. त्याच्या चालकाला एकच लाल दिवा दिसला. एक दिवा म्हणजे मोटारसायकल, असा त्याचा समज झाला. मोटारसायकलला बाजूनं काढावं म्हणून त्यानं टेम्पो उजवीकडं घेतला, आणि दिवा नसलेल्या माझ्या अर्ध्या गाडीवरच आला. शेवटच्या क्षणी त्याला डिकी दिसली. त्यानं ब्रेक इतका करकचून दाबला की मागं दुधाच्या किटल्या एकमेकींवर आपटल्या. तरी धक्का बसायचा तो बसलाच. गाडीचा उजवा कोपरा चेपला आणि मला हा तडा गेला.

माझं जाऊ द्या. आत सुकन्या आपटली. सीटच्या दांडीवर तिची भुवई फुटली आणि रक्त डोळ्यात उतरलं. पोरीचा आवाज ऐकून आक्काबाईनं तिच्याकडं हात टाकले. "काय झालं? कुठं लागलं? कुठं लागलं गं?" असं म्हणत ती चाचपडत राहिली. रोहिणीनं पोरीला ओढून कुशीत घेतलं आणि पदर दाबून धरला.

सिद्धू उतरला तो अंगावर जाण्याच्या तयारीनंच. टेम्पोचा चालक मानसिंग, चाळिशीचा शांत माणूस. तोही उतरून फियाटकडं धावत येत होता.

"डोळं फुटलं का तुझं? ब्रेक दाबला तरी दिसंना व्हय?"

"दादा, आईची शपथ, एकच दिवा हुता. मला वाटलं मोटारसायकल हाय."

"दोनी दिवं हुतं! माज्या आयनं निघताना बघितल्यात. आये, सांग की ह्याला!"

तोवर पाचपंचवीस माणसं जमली होती. सगळ्यांची तोंडं आक्काबाईकडं वळली. ती दाराला धरून उभी होती. तिनं पदर सावरला. मग खालच्या आवाजात म्हणाली, "लागला हुता."

झालं. म्हातारी बाई कशाला खोटं बोलेल, असं लोक म्हणू लागले. दोघांनी तर मानसिंगच्या तोंडाचा वासही घेऊन बघितला. मानसिंग हात जोडून म्हणाला, "दादा, मालकानं मला सांगून ठेवलंय. येक धडक झाली तर चावी ठेवायची आन घरी जायाचं. माझी चूक आसंल तर जातो. पन दिवा नव्हता."

सिद्धू म्हणाला, "सकाळी इंदापुरात नागेशकडं ये. बल्ब कधी गेला ते त्यो सांगंल. तुज्या धडकंनं गेला आसं निघालं, तर मी सरळ तुज्या मालकाकडं जानार." नागेशला दोघंही ओळखत होते, म्हणून ते दोघांना पटलं. लासुर्ण्यात डॉक्टरांनी सुकन्याला दोन टाके घातले आणि आम्ही इंदापूरला पोचलो.

सकाळी नऊला नागेशच्या दुकानापुढं गाडी लागली. मानसिंग आधीच येऊन उकिडवा बसला होता. आक्काबाईला कुणी बोलावलं नव्हतं, पण ती सिद्धूबरोबर आली. नागेशनं माझे दोन स्क्रू सोडवले. एक गंजून बसला होता, तर त्यावर थेंबभर डिझेल सोडलं आणि हलक्या हातानं फिरवला. मला उचलून त्यानं डिकीवर, उन्हात ठेवलं. मग बल्ब दाबून, किंचित वळवून बाहेर काढला आणि उजेडात धरला.

"ह्यो धडकंनं गेल्याला न्हाय," तो म्हणाला. "काच बघा आतनं कशी काळी पडलीया. खड्ड्यांनी तार झिजत जाऊन तुटली का आसं काळं हुतंय, येका धडकंनं न्हाय. ह्यो आधीच गेलाय. धडकंच्या वक्ताला पेटत नव्हता."

"कसं शक्य हाय?" सिद्धू म्हणाला. "आयनं निघताना बघितलंय. हात लावून बघितलंय!"

नागेशनं वाद घातला नाही. कामाचा माणूस आहे तो. त्यानं नवा बल्ब घेतला, तळाच्या पितळी खुंट्या होल्डरच्या खाचांना जुळवल्या, दाबून फिरवला, मला परत वर बसवलं आणि दोन्ही स्क्रू आवळले. "दाब सिद्धू ब्रेक," तो म्हणाला. आणि रीतीप्रमाणं आक्काबाईकडं वळला. "मावशी, बघा बरं."

सिद्धूनं ब्रेक दाबला. बल्ब पेटलाच नाही. होल्डरच्या तळाला हिरवट गंज चढला होता आणि करंट पोचत नव्हता. नागेशच्या ते लक्षात आलं आणि तो "थांबा" म्हणणार, तेवढ्यात आक्काबाईनं पुढं होऊन माझ्यावर तळहात ठेवला. मी मघापासून डिकीवर उन्हात पडलेली. गरमच होते.

"लागला!" आक्काबाई म्हणाली.

मानसिंग उठून उभा राहिला. नागेशनं माझ्याकडं बघितलं, मग तिच्या तळहाताकडं, आणि मग तिच्या डोळ्यांकडं.

"मावशी," तो हळूच म्हणाला, "कुठं लागला?"

आक्काबाईचा हात तसाच माझ्यावर होता. तिनं तो पुन्हा एकदा दाबून बघितला. ते दाबणं मला आजही आठवतं. ती तिथंच पडलेल्या एका टायरवर बसली आणि पदर तोंडाला लावला.

"न्हाय दिसत मला," ती म्हणाली. "लाल दिसायचं बंद हून दीड वरीस झालं. उबंवर सांगत हुते. काल उनानं तापली आसंल काच. माजा हात फसला." मग तिनं आवाजाच्या रोखानं मान वळवून मानसिंगपुढं हात जोडले. "बाबा, तुजं काय चुकलं न्हाय. लोकांम्होरं मी खोटं बोलले. माज्या नातीला माज्यामुळंच लागलं."

सिद्धू गाडीतून उतरला. त्याचा इतका उतरलेला चेहरा मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. "आगं मग बोलायचं न्हाईस व्हय!"

"काय बोलू? मेंढरं गेली. भाकरी रोहिणी करती. रान तू बघतुस. तुज्या घरात मला येवढंच येक काम उरलं हुतं."

सुकन्याचं रक्त अजून सिद्धूच्या सदऱ्याच्या बाहीवर होतं. तो रागात होता आणि घाबरलेलाही होता. तो म्हणाला, "आजपास्नं तू गाडीमागं हुबी ऱ्हायची न्हाईस."

आक्काबाईनं मान हलवली. नागेशनं मुकाट्यानं पॉलिशपेपरनं होल्डर घासला आणि बल्ब पुन्हा बसवला. या वेळी मी खरोखरच पेटले. ते तिला दिसलं नाही. मानसिंग तिच्याजवळ वाकून म्हणाला, "मावशी, आता लागला." सिद्धूनं त्याचा हात धरून माफी मागितली. नागेशनं माझ्या तड्यात डिंक भरला आणि मी पुन्हा कामाला लागले.

सांगवीला परतल्यावर मागं बघायचं काम रोहिणीकडं आलं. ती नीट बघायची, त्यात खोट नव्हती. पण आक्काबाई गाडी निघायच्या वेळी दाराआड जाऊन बसायची. कुणाशी बोलायची नाही. ताटातली अर्धी भाकर तशीच टाकून उठायची. सिद्धू बघून न बघितल्यासारखं करायचा. आठ दिवस हे चाललं आणि रोहिणीचं डोकं फिरलं. माझ्यासमोर, गाडीमागं उभी राहून तिनं नवऱ्याला धारेवर धरलं.

"आत्या चुकल्या. व्हय, चुकल्या. पन चार वर्सांत तुमी सोता उतरून येकदा तरी दिवा बघितला का? ब्रेकच्या पायडलावर दगुड ठिवून बघाय काय झालं हुतं?"

"पुढच्यानं मागं वळायचं नसतंय," सिद्धू म्हणाला.

"आवो, ते मेंढरांम्होरं! गाडी काय बुजती व्हय?"

सिद्धू माझ्यापाशी खाली बसला आणि म्हणाला, "आयचं डोळं येवढं गेलं, आन मला कळलं न्हाय गं." त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मी इतक्या जवळ होते, की खोटं सांगण्यात अर्थ नाही.

ऑपरेशन म्हटल्यावर आक्काबाईनं साफ नकार दिला. डोळा चिरायचा म्हणजे काय, असं तिचं म्हणणं. सिद्धू बोलला, रोहिणी बोलली, ती बधेना. शेवटी सुकन्या तिच्या मांडीवर जाऊन बसली आणि म्हणाली, "आज्जे, माज्या भुवईवर खूण उठलीया. साळंतली पोरं बघत्यात. तू बघितलीस का?" आक्काबाईनं बोटानं ती खूण चाचपली. पुन्हा पुन्हा चाचपली. आणि दुसऱ्या दिवशी पहाटे आंघोळ करून स्वतःच गाडीत जाऊन बसली.

बारामतीला एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. हिरवी पट्टी लावून ती घरी आली. दीड महिन्यानं जाड भिंगाचा चष्मा मिळाला. चष्मा घातल्यावर तिनं पहिल्यांदा सुकन्याचं तोंड दोन्ही हातांत धरलं, ती खूण बघितली आणि मोकळेपणानं रडली. मग चार दिवस तिनं घरातलं सगळं बघून घेतलं, भांडी, कोंबड्या, पत्र्यावरचा गंज. पण गाडीकडं ती फिरकली नाही. सिद्धूनंही बोलावलं नाही. दोघं एकाच मातीचे, दुसरं काय!

फाल्गुनात एका दुपारी सिद्धूला बारामतीचं भाडं आलं. गिऱ्हाईक चौकात ताटकळत होतं. रोहिणी रानात होती, सुकन्या शाळेत. सिद्धूनं गाडी चालू केली, दिवे लावले आणि तसाच बसून राहिला. मग हॉर्न वाजवला. पुन्हा वाजवला.

"आये, मागं कुनी न्हाय!"

आतून आवाज आला, "मग ठिव की पायडलावर दगुड."

"दगुड बोलत न्हाय, आये."

मग दार वाजलं. आक्काबाई अंगणात आली. माझ्यापासून चार पावलांवर थांबली. दोन्ही हात तिनं पदरात गुंडाळून घेतले होते. मला हात लावायचाच नाही, असं ठरवूनच आली होती. सिद्धूनं ब्रेक दाबला. मी पेटले. तिनं मान वाकडी करून, चष्मा नाकावर सारून मला न्याहाळलं.

"उजवा लागला," ती म्हणाली.

मग ती डावीकडं गेली. मला माझी बहीण दिसत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. मी फक्त आक्काबाईकडं बघत होते. ती बघतच राहिली. एक पाऊल पुढं आली. पुन्हा मागं गेली. तिकडं गिऱ्हाईकानं चौकातून आरोळी ठोकली. सिद्धू आरशात बघत होता. ती घाबरलेली होती, हे मला तिच्या ओठांवरून कळत होतं.

"डावा न्हाय लागला," आक्काबाई म्हणाली.

"न्हाय?"

"न्हाय. उतर आन बघ."

आणि सिद्धू उतरला. वळून, गाडीला वळसा घालून, माझ्यासमोरून मागं आला. दिवे चालूच होते. माझी डावी बहीण खरोखर अंधारी होती. तो आईकडं बघून म्हणाला, "बरूबर हाय तुजं." एवढंच. खणातून त्यानं बल्ब काढला आणि स्क्रू सोडवले. सुटी झालेली काच आक्काबाईनं दोन्ही हातांत धरून ठेवली. नवा बल्ब बसवून होईपर्यंत ती हसत होती, आणि गिऱ्हाईक चौकात बोंब मारत होतं.

मित्रांनो, पुढं तीन वर्षांनी नागेशनं मला काढून नवी काच बसवली आणि मला आपल्या फळीवर ठेवलं. त्याचं मला दुःख नाही. तुमच्या घरी गाडी असेल, स्कूटर असेल, तर तिची मागची काच ओल्या फडक्यानं पुसा. कोरड्यानं पुसलं की चरे पडतात. निघण्याआधी कुणाला तरी मागं उभं करा. तो म्हातारा असेल, तर त्याला दिसतंय का, तेही प्रेमानं विचारा. आणि मागून "न्हाय" आलं, तर त्याच्यावर खेकसू नका. उतरा आणि बल्ब बदला.